डाव्या हाताचे नमुने

आई, तुला पत्र लिहायची सवय मला नाही. आपला फोन असायचा आणि त्यावरही मीच जास्त बोलायचे. आज बालाघाटच्या घरी एकटीच आहे, म्हणून लिहायला बसले.

टीव्हीवर माझा भरतकामाचा कार्यक्रम लागला की तू अर्धी गल्ली घरात जमवायचीस. भोपाळच्या स्टुडिओत मी हसत हसत सांगायचे, 'देखिए, कितना आसान है.' चार टाके घालायचे आणि टेबलाखालून भरलेलं कापड काढायचे, 'ये मैंने पहले से बनाकर रखा है.' मी कुठलं बनवतेय? साडी, मेकअप आणि तालमीतच माझा दिवस संपायचा. प्रत्येक भागाला एकाच फुलाचे चार नमुने लागत, पाव भरलेला, अर्धा, पाऊण आणि पुरा. ते तू इथे स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून भरायचीस आणि भोपाळच्या बसबरोबर पाठवायचीस. एकदा मी म्हटलं, तुझं नाव सांगते. तू म्हणालीस, "मले काय करायचं नावाले? तू दिसतेस ना, झालं." एरवी तुझं एक अक्षर न ऐकणारी मी, तेवढं मात्र लगेच ऐकलं.

तू डावरी. लहानपणी मारून मारून तुझा जेवायचा हात उजवा केला होता, सुईचा मात्र कुणाला बदलता आला नाही. त्यामुळे फुलांच्या देठांवर तुझे टाके एका बाजूला झुकत आणि माझे दुसऱ्या. दोन वर्षं हे ना तुझ्या लक्षात आलं ना माझ्या. आलं ते बैहरच्या एका शिक्षिकेच्या. माझ्या सहकाऱ्याने तिचं पत्र कॅमेऱ्यासमोरच वाचलं, 'दीदी, रखा हुआ कपड़ा किसके हाथ का है? टाँके उल्टे झुकते हैं.' मी क्षणभरही न अडखळता म्हणाले, 'मैं दोनों हाथों से काढ़ती हूँ.' सगळे हसले. तू इथे ते बघत होतीस, गल्लीसकट.

फोनवर तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. पुढचं पार्सल आलं तेव्हा मात्र मी चक्रावले. टाके सैल, कापडाला सुरकुत्या, एक पान तर चक्क वाकडं. चित्रीकरण तोंडावर आलं होतं, मी फोन करून तुझ्यावर उखडले. "आई, हे काय पाठवलं? शिकाऊ पोरी याच्याहून बरं भरतात." "डोये साथ नाही देऊन राह्यले आता," म्हणालीस. मग डोळ्यांना आराम दे म्हटलं आणि भोपाळमध्येच एक बाई कामाला ठेवली. पुढे चार लोकांत अभिमानाने सांगायचे की आईला आता विश्रांती दिली.

तुझ्या तेरवीला शेजारच्या काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. "डोये कायचे? शेवटपर्यंत माही सुई तीच ओवून देत होती. तुह्यासाठी उजव्या हातानं भरे. मी म्हटलं, काहून जीव काढतेस? तर म्हणे, माह्या पोरीले कोणी खोटं म्हणू नये." मी खूप रडले. लोकांना वाटलं, तू गेलीस म्हणून. मी तसंच वाटू दिलं.

काल गल्लीतलीच एक मुलगी तिच्या मोबाइल चॅनेलसाठी मुलाखत घ्यायला आली होती. 'मैम, किसने सिखाया?' मी म्हटलं, आईने. ती खूश झाली. 'वो भी कभी टीवी पर आईं?' प्रत्येक भागात तू होतीस, आई. माझ्या हातात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मी म्हणाले, 'नहीं.'

ती उद्या पुन्हा येणार आहे. तिला वाचून दाखवायचं, म्हणून खरं तर हे लिहायला घेतलं होतं. पण दाखवणार नाही. कोणी मला खोटं म्हणावं, हे मला अजून सोसत नाही.