पाठीची माती

लिंबागणेश,
१५ ऑक्टोबर २०२४

चि. जीवन यास अनेक आशीर्वाद.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून कागद घेतला.

दसऱ्याच्या कुस्त्यांची तुझी बातमी वाचून डोकं तडकलं. आपल्या अजिनाथच्या लेकीनं, राजनंदिनीनं, करिष्माला ढाक मारून चीत केलं, सगळ्यांनी बघितलं. पंचानं हात वर केला करिष्माचा, कारण ती कमिटीच्या अध्यक्षाची पुतणी. पंच विकला गेला, ते नवं नाही. पण तू 'एकतर्फी विजय' लिहावंस? उभ्या जन्मात मी पैलवानाच्या पाठीची माती बघितल्याशिवाय बातमी लिहिली नाही. कमिटीचा फेटा बांधून स्टेजवर बसलास, तुला पाठ दिसणार कशी?

जिंकणारीला बीडच्या तालमीत ठेवून घेणार होते. आता अजिनाथ तिला ऊसतोडीला नेईल. टोळी जायच्या आत खरं छाप.

काकूनं तुझ्यासाठी बाजरीच्या खारोड्या ठेवल्यात. फेट्यात बांधून ने.

लोभ अजून आहे, त्याची परीक्षा बघू नकोस.

तुझा काका,
आप्पाराव

बीड,
१० नोव्हेंबर २०२४

ती. आप्पाकाकांना जीवनचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. संताप मलाही येतो, काका. तुमचे संपादक विचारायचे, काय बघितलंस. आमचे विचारतात, कमिटीची जाहिरात आली का. ती बातमी कमिटीनंच लिहून धाडली, वर माझं नाव टाकलं गेलं. कुस्तीवर लिहिणारे बाकीचे आता कमिट्यांचेच व्हिडिओ काढतात.

पण मी स्टेजवरून उतरलो होतो. करिष्माच्या पाठीचा फोटो काढलाय, दोन्ही खांदे मातीनं भरलेले. संपादकांनी तो छापू दिला नाही. सोबत पाठवतोय. माझं नाव मात्र कुठं घेऊ नका, घर या नोकरीवर चालतं.

काकूंना नमस्कार. रागवा, पण अंतर देऊ नका.

आपला,
जीवन

लिंबागणेश,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. जीवन, आशीर्वाद.

फोटो काल पोचला. टोळीचा ट्रक परवाच गेला. अजिनाथला थांब म्हणालो, तर म्हणाला, की पेपरात पोरगी हरली हाय, आता कशाच्या जिवावर मागं ठेवू. राजनंदिनी कोयता घेऊन ट्रकात चढली.

फोटो झकास काढलायस, गाढवा. आपल्या तालमीच्या दारातच लावलाय. लोक थांबून बघतात आणि विचारतात, की हा काढला कुणी. कमिटीची माणसंही विचारून गेली, जरा आवाज चढवूनच. मी सांगितलं नाही.

पण खाली नावापुरती जागा कोरी ठेवलीय. गुढीपाडव्याला राजनंदिनी परत आली, की तीही विचारणारच. त्याच्या आत ये आणि स्वतःच्या हातानं लिही.

खारोड्या शिल्लक आहेत. येताना डोकं उघडं असू दे.

आप्पाराव