ठकीची सही

३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

माझं पोट सुटलंय म्हणून तू मागच्या खेपेला चिडवलंस ना, ती चरबी नव्हती. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासताना काउंटर पोटाला टोचायचा, तर मी स्टूल बदललं! शेवटी दुखायला लागलं म्हणून सोनोग्राफी केली. उजव्या अंडाशयावर लहान कलिंगडाएवढी गाठ निघाली.

रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही गाठ क्वचितच होते, पण होते ती बहुधा माझ्याच वयाच्या मुलींना. कॅन्सरची आहे, मात्र औषधाला दाद देते. म्हणून गाठ आणि तेवढंच अंडाशय काढायचं, पुढे इंजेक्शनं. डावं चांगलं दिसतंय, ते आणि गर्भाशय ठेवता येईल.

आई म्हणते, सगळंच काढून मोकळं व्हायचं. मावशीचं नाही का काढलं, ती ठणठणीत आहे. ऑपरेशनच्या कागदावर सही माझी लागते, पण आई माझ्याशी धड बोलत नाही. पुढे मला मूल हवं की नको हे मला ठाऊक नाही. ते ठरवायला तू जिवंत तर हवीस, असं ती म्हणते. बहुतेक तिच्या मनासारखी सही करीन. तू तिच्याशी बोलशील?

आहे तशी माया असू दे.

तुझी,
ठकी

७ मार्च

चि. बेबीस,
अ. आ.

ठकीचं पत्र इस्त्री बाजूला ठेवून वाचलं, नाहीतर गिऱ्हाइकाचा शर्ट गेला असता. तू माझा दाखला देतेस म्हणून लिहिते.

मी ठणठणीत आहे हे खरं. सगळं काढलं नसतं तर गेले असते, तेही खरं. तेव्हा अशा गाठीवर औषध नव्हतं. पण ऐन पंचविशीत अंगाची आग व्हायची, हाडं दुखायची. ठकीच्या वेळी तुला दिवस गेले, तेव्हा मला तुझ्याकडे बघवायचं नाही. मी लाँड्रीत गाणी म्हणत काम करते, म्हणून तुम्हाला वाटलं हिला कशाचं काही नाही. मला फार वाटलं, बेबी. अजून वाटतं.

शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. दोघांचं मत एक पडलं, तर मात्र पोरीशी अबोला धरू नकोस. ती घाबरलीय आणि तुझ्या रुसव्यापायी सही करायला निघालीय.

राग आला तर येऊ दे, पण पत्र पाठव.

तुझी,
ताई

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर खरंच चिडले होते. मग दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीही तेच सांगितलं. सही करताना ठकीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तुला हवी तशी कर.

ऑपरेशन झालं, डावं ठेवलंय. शुद्धीवर येताच तिनं आधी तेच विचारलं आणि पुन्हा झोपली.

निदान बरोबर निघालं, पण गाठ आधीच थोडी फुटली होती. इंजेक्शनं जास्त लागतील. डॉक्टरीणबाई म्हणतात, बहुतेकींना गुण येतो. ते ‘बहुतेकींना’ माझ्या डोक्यातून जात नाही. डावंही काढलं असतं तर, असं मनात येतं. त्याचा याच्याशी संबंध नाही, हे त्यांनी दोनदा समजावलं. तेवढ्यापुरतं पटतं.

ठकीसमोर मी खंबीर असते. उशी सारखी करते, नर्सची थट्टा करते, ठकी हसते. बाहेर आले की जिन्यात जाऊन बसते. सोमवारी पहिलं इंजेक्शन आहे. लाँड्रीला कुलूप लाव आणि ये. ठकीला मी सांभाळीन. मला तुझ्याजवळ बसून रडायचंय.

लोभ आहेच, आता तू ये.

तुझी,
बेबी