फुकटबाईच्या संगणकखोलीची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, धंदा शिक्षकी (शाळेच्या दप्तरी सेवानिवृत्त), राहणार शाळेसमोरच्या गल्लीतलं कोपऱ्यावरचं बैठं घर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. देताना, "बाई, डोकं ठीक आहे, पण हृदयाचा भरवसा नाही, तेव्हा रागावणं सोडा," असंही बजावलं. दाखला सोबत जोडला आहे. सल्ला पाळणं या जन्मी जमेलसं दिसत नाही.

यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. वकीलबाईंनी मसुदा छान कायदेशीर करून दिला होता. तो वाचल्यावर, मेली ती मीच का, असा मला प्रश्न पडला, म्हणून मधला मजकूर मी माझ्या भाषेत घातला आहे. त्यांनी कपाळाला हात लावला, पण हरकत घेतली नाही.

कलम पहिले. माझी हत्यारं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचा संच, मल्टिमीटर, सोल्डरिंगची बंदूक, धूळ झाडायचे रंगाचे ब्रश आणि सुट्या भागांचे सगळे डबे, मी माझी जुनी विद्यार्थिनी, चौकात मोबाइल दुरुस्त करणारी, जिला सगळी शाळा 'खुडबुडी' म्हणायची, तिला देते. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच.

ती पहिल्या तुकडीतली. त्याआधी आमच्या शाळेत एकच संगणक होता, मुख्याध्यापकांच्या खोलीत, झालर लावलेल्या कापडाखाली. मुलांनी चपला बाहेर काढून, रांगेने येऊन, हात मागे बांधून त्याचं दर्शन घ्यायचं. मग वर्गात मी फळ्यावर माउस काढायचा आणि मुलांनी त्याची व्याख्या पाठ करायची. परीक्षेत पैकीच्या पैकी गुण, आणि आयुष्यात एकदा बटण दाबलेलं नाही! पोहण्याची व्याख्या पाठ करून कोणी पोहतं का? मला भारी संताप यायचा. विमा कचेरीने जुनी यंत्रं काढून टाकली तेव्हा मी ती हातगाडीवर घालून आणली आणि त्यांच्यावर मुक्त सिस्टिम बसवली. मुक्त म्हणजे काय ते इथे लिहून ठेवते, कारण आमच्या संस्थेत आजही ते कोणाला ठाऊक नाही: ती कशी बनवली आहे हे कोणालाही उघडून बघता येतं, बदलता येतं, तिची प्रत काढून शेजाऱ्याला देता येते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि दरवर्षी कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

आमच्या खोलीचा एक रिवाज होता. दहावीची मुलं शाळा सोडताना प्रत्येक यंत्र उघडायची, पुसायची, जुनं सगळं काढून नव्याने सिस्टिम बसवायची, आणि पाचवीत आलेल्या एकेका मुलासमोर ते चालू करून दाखवायची. मग बंद करायची. पुन्हा चालू करायचं काम त्या लहानग्याचं. नाही जमलं तर मोठ्याने घरी जायचं नाही. खुडबुडीसमोर बसलेली पाचवीची मुलगी भोकाड पसरून रडली होती, आणि खुडबुडी तिला म्हणाली, "रड, पण बटणावरचं बोट काढू नको." तेव्हाच मला कळलं की हत्यारं हिच्याकडे जाणार.

कलम दुसरे. माजी मुख्याध्यापकांना मी मुक्त सिस्टिमची एक सीडी, पावतीसह, देते. पावतीवर किंमत शून्य लिहून मी सही केली आहे.

कारण असं की, मला 'फुकटबाई' हे नाव त्यांनीच पाडलं. इथवर ठीक. नावं ठेवणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? पण त्यांनी वर अर्ज केला की या बाईंनी शाळेत चोरीचा माल घुसवला आहे. पुरावा काय, तर पावती नाही! ज्याची पावती नाही ते चोरीचं, आणि इतकी चांगली वस्तू फुकट कोण देतो, म्हणजे नक्कीच चोरीचं. चौकशी लागली. चौकशी संपेपर्यंत माझ्या हातून संगणकाचे तास काढून मला चित्रकलेचे दिले. मला साधं मांजर काढता येत नाही. वर्गातली मुलं भली, ती मलाच शिकवायची.

चौकशी अधिकारी आले. मी सिस्टिमसोबत आलेला परवाना वाचून दाखवला. ते म्हणाले, "बाई, पण असं कोणी देतं का?" मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला तुमच्या आईने वाचायला शिकवलं, त्याची पावती आहे का?" ते हसले आणि म्हणाले, जरा मुख्याध्यापकांच्या कचेरीतलं यंत्रही दाखवा. कारकुनाने मोठ्या ऐटीत झालर काढली, बटण दाबलं, आणि पडद्यावर पाटी आली: ही प्रत अस्सल नाही. कारकुनाने सराईतपणे ती मिटवली. अधिकारी म्हणाले, "हे काय होतं?" कारकून म्हणाला, "काही नाही साहेब, रोज सकाळी येतं. यंत्र नमस्कार करतं." दुकानदाराने चोरीची प्रत घालून यंत्र विकलं होतं, आणि मुख्याध्यापकांनी त्याची पावती फ्रेम करायचीच काय ती बाकी ठेवली होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

आता निकाल ऐका. कचेरीच्या यंत्राबद्दल एक अक्षर नाही. मला मात्र, "गैरसमज निर्माण होईल असे वर्तन केल्याबद्दल" समज देऊन प्रकरण मिटवलं. गैरसमज त्यांचा, आणि समज मला! एवढी वर्षं झाली. मी त्यांना माफ केलेलं नाही. माझ्या शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये. खरं तर शाळेने शोकसभाच घेऊ नये.

कलम तिसरे. माझ्या सोन्याच्या बांगड्या आणि आईच्या हातची भरतकामाची चादर वहिनीला देते. वहिनीने माझ्या आजारपणात रात्रंदिवस केलं आहे, आणि करताना तोंडाचा पट्टाही चालू ठेवला आहे. दोन्हीबद्दल मी तिची ऋणी आहे. "रक्ताच्या माणसाला डावलून गावच्या पोरांचं भलं करायला निघालीस," हे तिचं वाक्य इथे नोंदवते, म्हणजे मी ते ऐकलं नव्हतं असं पुढे कोणी म्हणायला नको.

कलम चौथे. माझा भाचा, म्हणजे वहिनीचा मुलगा. याला मी माझा रेडिओ देते. दुसरं काही नाही.

का, ते सविस्तर सांगते. हा लहानपणी सुट्टीत माझ्याकडे असायचा. एकदा मी शाळेतून आले तर या बाबाजीने रेडिओ उघडून त्याचे सगळे भाग चटईवर मांडलेले, आणि मला बघून पाचावर धारण बसलेली. मी मारलं नाही. बारीक स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्या हातात दिला आणि शेजारी बसले. दोघांनी मिळून तो जोडला. तो रेडिओ आजही वाजतो. जी वस्तू उघडता येते तीच खरी आपली, हे मी तुला त्या चटईवर शिकवलं, आणि तू मोठा होऊन काय विकतोस? सीलबंद पाट्या! उघडलं की हमी संपली!

ज्या कंपनीने शाळेला टॅब्लेट दिले, तिचा इथला प्रतिनिधी म्हणजे हाच. मी निवृत्त झाले तरी संगणकखोलीत जात होते. एक दिवस संस्थेच्या अध्यक्षांनी फीत कापायचा समारंभ ठेवला. टॅब्लेट भेट म्हणून, अट एकच, जुनी यंत्रं खोलीतून हलवायची. पुढल्या वर्षापासून दर मुलामागे वर्गणी, हे बारीक अक्षरात. मी उभी राहून विचारलं, "मुलं यावर जे करतील ते कोणाचं?"

भाचा म्हणाला, "आत्या, ते सगळं कंपनीकडे सुरक्षित असतं."

"सुरक्षित आहे का, ते नाही विचारलं. कोणाचं, ते विचारलं."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, प्रश्न शेवटी घेऊ." शेवटी फोटो घेतले.

आमच्या गल्लीतल्या शिंपीदादांच्या मुलीने जुन्या यंत्रावर एक प्रोग्राम लिहिला होता. अंगाची मापं घातली की कोणत्या पन्ह्याचं किती कापड लागेल आणि कसं कापलं तर कमी वाया जाईल, ते तो सांगायचा. वडील टेपने माप घेत आणि मुलगी आकडे घाली. तीन वर्षं ती त्यात भर घालत होती. नव्या टॅब्लेटवर तो हलवला, जुनं यंत्र पुसून बाहेर टाकलं. दहावी झाली, शाळेच्या पटावरून नाव गेलं, आणि तिचं खातं बंद. खात्याबरोबर प्रोग्रामही गेला. आताचे मुख्याध्यापक म्हणाले कंपनीला विचारा. कंपनीच्या फोनवरची बाई गोड आवाजात म्हणाली, "आपण आता आमच्या वापरकर्त्या नाही आहात." पोर माझ्या ओट्याशी उभी राहून रडली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. शाळा सोडताना मुलाची वही कोणी काढून घेतं का हो? मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, अटींमध्ये लिहिलंय. आणि फुकटच्या गोष्टीला लोक किंमत देत नाहीत, हे तुला कधी कळणार?"

बाळा, कॉलेजची सगळी वर्षं तू माझ्या घरी जेवलास. मी कधी वर्गणी लावली नाही. माझा तुझ्यावर जीव आहे, म्हणूनच एवढा राग आहे. परक्याच्या पोराने हे केलं असतं तर मी दोन शिव्या घालून झोपले असते. रेडिओ घे. मागचे चार स्क्रू मी मुद्दाम सैल ठेवले आहेत.

कलम पाचवे. बँकेतल्या ठेवीच्या व्याजातून संगणकखोलीचं (कोणती, ते पुढच्या कलमात) विजेचं बिल आणि सुटे भाग. दरवर्षी परवानगी मागावी लागेल अशी कोणतीही वस्तू या पैशातून घेऊ नये. एखाद्या अध्यक्षाचा फोटो लावण्यासाठी खिळासुद्धा घेऊ नये.

कलम सहावे. राहतं घर.

अध्यक्षांच्या हुकमाने जुनी यंत्रं सायकल स्टँडमागे उघड्यावर टाकली होती. तिथून ती भंगारवाल्या भाऊंनी उचलली. त्यांचा फोन आला, "बाई, माझा पोरगा याच्यावरच शिकला. हातोडा घालायला जीव होत नाही. तुमच्याकडे आणून टाकू का?" तेव्हापासून माझी बाहेरची खोली यंत्रांनी भरली आहे. पलंग आतल्या खोलीत गेला.

मूळ मसुद्यात या कलमात असं लिहिलं होतं: माझ्या पश्चात हे घर जुन्या विद्यार्थ्यांच्या विश्वस्त मंडळाकडे जावं, तिथे मुलांसाठी संगणकखोली चालवावी, दाराला कुलूप नसावं, यंत्र उघडायला मनाई नसावी, आणि मुलाने केलेलं काम मुलाने घरी न्यावं. वकीलबाईंनी ते सगळ्यांसमोर वाचलं. मला वाटलं, झालं, आता सुखाने डोळे मिटायला हरकत नाही. सगळे गंभीर चेहरे करून बसले होते. तेवढ्यात खुडबुडी म्हणाली, "म्हणजे बाई, तोवर मुलांनी काय करायचं? तुमच्या मरणाची वाट बघायची?"

वहिनी किंचाळली, "अगं, जीभ झडेल तुझी!" मलाही आधी रागच आला. मग मात्र रागाने तोंड फिरवलं आणि ते माझ्याकडेच वळलं. शाळेने दार बंद केलं म्हणून मी गावभर तणतणत होते, आणि माझ्या दारावर मी काय पाटी लावत होते? बाई मेल्यावर उघडेल! ज्या मुलीची तीन वर्षं गेली तिने आणखी कशासाठी थांबायचं? डॉक्टर म्हणतात कधीही, पण तो 'कधीही' दहा वर्षांनी आला तर?

वकीलबाई म्हणाल्या, "बाई, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं. त्याला माझा इलाज नाही."

मी म्हटलं, "मग हे कलम खोडा आणि बक्षीसपत्र करा. घर मंडळाला जिवंतपणीच देऊन टाकते."

ते केलं. काल नोंदणीही झाली. आतली खोली आणि स्वयंपाकघर यांची हयातभर वहिवाट माझी. वहिनीने भांडून तेवढं घालायला लावलं. सबब घराबाबत या मृत्युपत्रात मला काहीही लिहिता येत नाही. घर माझं नाही. भाच्याने त्यासाठी कोर्टात जाऊ नये, आणि गेलाच तर थंडीचे दिवस असल्यास स्वेटर घालून जावं.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला तो पटला, आणि ज्यांना पटणार नाही त्यांची नावं वर आलीच आहेत. खाली सही केली आहे.

सही: फुकटबाई (कायदेशीर सही वकीलबाईंनी सांगितलेल्या जागी वेगळी केली आहे)

साक्षीदार पहिले: भंगारवाले भाऊ.
साक्षीदार दुसरे: शिंपीदादा.

आम्ही दोघं साक्ष देतो की बाईंनी पूर्ण शुद्धीत आमच्यासमोर सही केली. मध्ये त्या एकदा उठून, "अरे, भांडू नका, दोघांनी मिळून उघडा," असं बाहेर ओरडून आल्या. त्यामुळे सहीची शाई थोडी फिसकटली आहे.

तारीख: शाळेच्या नव्या वर्षाचा पहिला दिवस, सकाळ.

स्थळ: स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत बसायला जागा नाही.