दगडावर धार पुढे, चामड्यावर पाठ

॥ श्री ॥
ता. ६ जून

चि. ठेंगूस अ. उ. आ.

तुझं पार्सल काल पोचलं. चादर एक, चष्म्याची डबी एक, अंगाच्या साबणाच्या वड्या चार आणि चिठ्ठीत गुंडाळलेले तीस रुपये. वरची तिकिटं सव्वातीनची. साबण इथेही मिळतो रे, त्याला एवढा प्रवास कशाला घडवायचा? चादर मात्र छान आहे. आधी देवापुढे ठेवली, मग कपाटात. वापर म्हणून मागे लागू नकोस, वापरीन.

पण बावीस रुपये देऊन वस्तरा घेतलास, ही ओळ मी दोनदा वाचली. तू लिहितोस, पाती सारखी विकत घ्यावी लागतात, वस्तरा जन्मभर पुरतो. हिशेब बरोबर आहे, शेवटी माझाच मुलगा. फक्त वस्तरा कापतो की नाही, तेवढं बघायचं राहिलं. नवाकोरा असून केस ओढतो, दुकानदार म्हणतो पहिली धार आपली आपण लावायची, आणि घरात कुणाला माहीत असेल तर कळव, म्हणतोस. घरात माणसं दोन. त्यातली दाढी करणारी मी नव्हे.

तू ह्यांचं बाइंडिंगचं दुकान सोडून त्या गोदामात कारकून झालास, त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून ह्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. अगदीच वेळ आली तर ‘तुझे चिरंजीव’ म्हणतात, जणू मी ते माहेरून आणले होते. तुझं पत्र मी मोठ्याने वाचते, तेव्हा हे वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसतात. पान मात्र उलटत नाहीत.

काल मी आपलं भिंतीला विचारावं तसं विचारलं, नव्या वस्तऱ्याला पहिली धार लावतात तरी कशी. मग वर्तमानपत्रामागून आवाज आला. दगड भिजवून घ्यावा. वस्तरा त्यावर आडवा टेकवावा. पाठ आणि धार, दोन्ही दगडाला लागल्या पाहिजेत. धार पुढे ठेवून न्यावा, पाठीवर उलटवावा, तसाच परत आणावा. दाबू नये, वस्तऱ्याचं वजन पुरे. शेवटी चामड्याचा पट्टा. तेव्हा चामड्यावरही तशीच धार पुढे ठेवून फिरव, म्हणजे झालं.

रविवारी खोलीत एकटा बसून राहू नकोस, कुणाकडे तरी जात जा. देव तुला सांभाळतोच आहे, तू तेवढा वस्तरा सांभाळ.

तुझी वाट बघणारी,
आई

ता. १७ जून

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कुणाकडे जायचं, आई? गोदामातले सगळे आपापल्या घरी जातात. माझ्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. शनिवारी संध्याकाळी खानावळवाल्याशी दोन शब्द बोललो, की पुढचे शब्द सोमवारी गोदामातच. वस्तरा घेतला तो खरं म्हणजे पात्यांच्या हिशेबाने नव्हे. रविवारची सकाळ भरून काढायला काहीतरी काम हवं होतं.

काम झालं. दगडावर बरं चाललं होतं. मग तू लिहिलंस तसा चामड्यावर धार पुढे करून फिरवला, तर पट्टा मधोमध चिरला आणि धार होती त्याहून बोथट झाली. तरी हट्टाने दाढीला लावला. हनुवटीखाली बोटाच्या पेराएवढं कापलं. कापूस चिकटवून गोदामात गेलो, तर वजनकाटेवाला विचारतो, मांजर पाळलंयस का. जखम भरतेय, काळजी नको. वस्तरा विकून टाकीन म्हणतो. दाढी वाढली तर वाढली, बघायला कोण आहे?

एक विचारायचं आहे. अक्षर तुझं आहे, पण ‘दाबू नये, वजन पुरे’ हे बोलणं तुझं नाही. कागद कापायच्या सुरीशी उभा असताना माझ्या खांद्यामागून मी हे इतकी वर्षं ऐकलंय. त्यांनी स्वतःहून सांगितलं, की तू काढून घेतलंस? खरं काय ते लिही.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा,
ठेंगू

॥ श्री ॥
ता. २३ जून

चि. ठेंगूस अ. उ. आ.

खरं ते लिहिते. मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. पण त्यांनी सांगितलं ते दगडापुरतंच. चामड्याचं नाव घेऊन ते गप्प झाले. पुन्हा विचारलं आणि हे उठून गेले तर, म्हणून मी धीर केला नाही. दगडावर जसं, तसंच चामड्यावर असणार, असं माझं मीच ठरवलं आणि त्यांच्या शब्दांना जोडून लिहिलं. तुझी हनुवटी माझ्यामुळे कापली रे. चामड्यावर उलटं असतं. पाठ पुढे आणि धार मागून ओढत न्यायची.

तुझं पत्र वाचताना मी चिरलेल्या पट्ट्यापाशी आले आणि ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ठेंगूला हे असं कुणी सांगितलं, म्हणून ओरडले. ठेंगू म्हणाले. मी सांगितलं, मीच. वाटलं, आता चिडतील. ते किती खोल कापलंय, उजवीकडे की डावीकडे, असंच विचारत राहिले. ते मला कुठे माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दुकानाला कुलूप लावून घरी आले. बाइंडिंगच्या चांगल्या चामड्यातून लांब पट्टा कापून आणला होता. त्याला तेल लावलं, तळहाताने चोळत बसले. म्हणाले, हे कागदावर शिकवायचं काम नाही, एकदा हातात हात धरून दाखवावं लागतं. आणि तुझ्या गावाची गाडी किती वाजता सुटते, ते विचारलं. मी म्हटलं, मग जाऊन या. तर म्हणतात, बिनबोलावता जाणार नाही. पिशवी मात्र भरून ठेवली आहे, आणि रोज तिच्यातून एखादा सदरा काढून पुन्हा घडी घालतात.

माझी काळजी नको. चार दिवस एकटी राहायला मला काही शिकायला नको. वर्षभर दोन माणसांच्या घरात एकटीच बोलतेय. देवाशी बोलते, तोही ह्यांच्यासारखाच, हूं की चूं करत नाही. आम्ही दोघं आलो असतो, पण दिवाबत्तीला घरात कुणी हवं, आणि मी मध्ये असले की तुम्ही दोघं पुन्हा माझ्याच तोंडून बोलाल. आता मध्ये मी नको. काय होतं ते पाहिलंस ना?

तेव्हा वस्तरा विकू नकोस आणि ते येईपर्यंत त्याला हात लावू नकोस. ते आले की वर्षाचा हिशेब काढत बसू नकोस. वस्तऱ्यासाठी आले आहेत, असंच धर.

उलट टपाली पत्र टाक. दोन ओळी पुरे. फक्त या वेळी पाकिटावर माझं नाव घालू नकोस, त्यांचं घाल. मला नाही आलं तरी चालेल.

तुझी,
आई