तुमच्या लेकीला दिलेली बिस्किटं

बाई,

काल दुपारी तुमची लेक माझ्याकडे आली होती. मी ओट्यापाशी काजूच्या बिस्किटांचे गोळे वळत होते, दार उघडंच होतं. वळून पाहिलं तर दारात तुम्ही. तीच बारीक अंगकाठी, तसंच मान किंचित तिरकी करून बघणं. हातातला गोळा परातीत पडला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ओव्हनचं दार उघडलं की मागे कुणी उभं आहे असं वाटतं आणि मी मुद्दाम वळत नाही. काल वळले, तर खरंच कुणीतरी होतं. "आईचा ओव्हन तुमच्याकडे आहे ना?" तिने विचारलं. जुन्या पनवेलमधल्या तुमच्या शेजाऱ्यांनी तिला माझा पत्ता दिला होता. मी तिला आत बोलावलं, पण बराच वेळ ती उभीच राहिली, क्लास बंद करताना तुम्ही मला दिलेल्या त्या ओव्हनवर हात ठेवून.

मी तुमच्या बेकिंगच्या क्लासला आले तेव्हा नुकतीच लग्न होऊन पनवेलजवळच्या कोन गावात आले होते. माहेर उरणकडचं, मिठागरावरचं. "आमी असलं कायच केलं नाय कधी," म्हणाले, तर बाकीच्या हसल्या. तुम्ही नाही हसलात. मला अजून दिसतं, तुम्ही लोणी फेसताय, काजूचा चुरा जाडसरच ठेवा म्हणून सांगताय, आणि मी ओव्हनमधून निघालेली बिस्किटं तशीच गरमागरम पिठीसाखरेत टाकतेय. साखर वितळून त्यांचा चिकट गोळा होतो. "घाई कसली आहे तुला?" तुम्ही रागावता. "कोमट झाली की एकदा घोळव, पार गार झाली की पुन्हा." मग दुसरीकडे बघत म्हणता, "माझ्या लेकीलाही दम नसायचा." तुम्हाला लेक आहे हे मला तेव्हा कळलं. लग्नावरून वाद झाला आणि या घरात पाऊल टाकू नकोस असं तुम्हीच तिला सांगितलंत, हे पुढे कधीतरी. तिने तुमचा शब्द पाळला, एवढंच तुम्ही म्हणालात.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी डबा घेऊन येत होते. शेवटच्या त्या संध्याकाळी बिस्किटंही आणली होती. तुम्हाला धड दिसत नव्हतं. माझा हात चाचपून धरलात आणि लेकीचं नाव घेऊन म्हणालात, "आलीस?" मी काय करायला हवं होतं, बाई? मी म्हटलं, "हो, आई." तुम्ही म्हणालात, "येऊ नकोस म्हणाले, ते मनाला लागलं ना तुझ्या? माझंच चुकलं गं." मी म्हणाले, "नाय आई, कायपण लागलं नाय." बोलून गेल्यावर लक्षात आलं, ही माझी बोली, तिची नव्हे. तुम्ही अर्धं बिस्किट खाल्लंत, हनुवटीवर साखर सांडली, ती मी पुसली. सकाळी तुम्ही गेलात. माझी बोली ऐकून तुम्ही मला ओळखलंत का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या घरात राहतोय.

हे सगळं मी काल तिला सांगितलं. वाटलं, भडकेल, आपल्या जागी दुसरीच उभी राहिली म्हणून. ती बिस्किट हातात धरून बसली होती. मग तिने हळूच विचारलं, "आईने चुकलं म्हटल्यावर मी काय म्हणाले?" मला आधी कळेचना. कळल्यावर मी तेच शब्द पुन्हा म्हणून दाखवले, तशाच बोलीत. तिने मान हलवली. "हो. मी असंच म्हणाले असते." आणि मग ती रडली. मी उरलेली बिस्किटं तिला डब्यात भरून दिली.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. पण तिला न सांगितलेली एक गोष्ट तुम्हाला सांगते. झोप लागता लागता तुम्ही मला "बाळ" म्हणालात. माझ्या आईनेही मला कधी तशी हाक मारली नव्हती. तो शब्द तुमच्या लेकीचा होता, कळतं मला. तरी तो मी तिला दिला नाही.