बालाजीकडून घेतलेले उसने

माय, तुला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी सकाळी कुणी दुकानाची फळी काढली की मला आपली मोताळ्याची ओसरी दिसते आणि तिथं गिऱ्हाइकाला अडवून बसलेली तू.

शिवणयंत्र घ्यायला बाबांनी घर सावकाराकडे गहाण ठेवलं, त्या दिवसापासून तू घरात पाहुण्यासारखी वावरू लागलीस. खिळा ठोकायला निघालं कुणी, की म्हणायचीस, दुसऱ्याच्या भिंतीला भोक कशाला पाडता. मुदत लांब होती, बाबांना घाई नव्हती. तुला होती.

दिवसातल्या पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे, भवानीचे, बाबा खर्चत नसत. ते देऊळगाव राजाच्या बालाजीला वाहायचे, असा त्यांचा नेम. गाडगं मात्र तुझ्या ताब्यात. सकाळी कुणी फाटका सदरा ठिगळाला घेऊन येतो. तू त्याला बसवतेस, गूळपाणी देतेस, सुनेची चौकशी करतेस. तो उठू लागला की म्हैस व्याली का, ते विचारतेस. एवढ्यात लग्नाचे कपडे शिवायला आलेला कुणी अंगणात दिसतो, आणि तुझी म्हशीची काळजी तिथंच संपते. भवानी त्याच्या विसाराची होते. तेला-मिठातून वाचवलेलंही तू त्याच गाडग्यात टाकायचीस. दर साली देऊळगावला जायचं निघालं, की कधी गाडी मिळायची नाही, कधी मला ताप असायचा. मला तो ताप कधी आठवला नाही.

शेवटी बाबांनी ऐकलं नाही. गाडी जुंपली, वाटेत मुक्काम करत आपण पोचलो, आणि देवळाच्या पायरीवर तू गाडगं मांडीवर घेऊन बसलीस ती उठेचना.

"काऊन, काय झालं?" बाबा म्हणाले.

"बालाजीले घर हाय," तू म्हणालीस. "आपलं सावकाराजवळ हाय."

बाबांचा चेहरा उतरला. देवाच्या पैशाला हात लावायचा, या विचारानंच ते घाबरले होते. मग तू आत गेलीस, गाडगं देवापुढे टेकवलंस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "देवा, हे उसने नेऊन राह्यलो. वापस आणून देऊ." मागची बाई म्हणाली, "आटप वं माय, मलेही मागाचं हाय." बाबांना हसू आवरेना. बाहेर येऊन त्यांनी हळूच विचारलं, "आन् व्याज?"

"देव हाय तो. सावकार नाही."

सावकाराला मुदतीआधीचे पैसे आवडले नाहीत. घर कुठं पळून जाते, म्हणाला. तू म्हणालीस, "घर नाही पळत जी, व्याज पळते." त्या संध्याकाळी तू भिंतीत एकामागून एक खिळे ठोकलेस, अडकवायला काही नसताना.

पुढं बाबा दर साली बालाजीला फेडत राहिले, मग तू. आता मी मोटारीनं जाते आणि थोडं ठेवून येते. किती फिटलं, ते तुम्ही दोघांनी कधी मोजलं नाही. दादा म्हणतो, केव्हाच फिटलं असेल. असेलही. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून सांगते: मी पुजाऱ्यालाही कधी विचारलेलं नाही. फिटलं असं ठरलं, तर तुझ्या वतीनं करण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही उरत नाही.