पेलिकनला स्वावलंबी करण्याची योजना

२ मार्च
प्राणिसंग्रहालयातल्या तळ्याचा चार्ज आजपासून माझ्याकडे. एकच पेलिकन उरलाय. मादी गेल्यापासून तोंड पाडून बसतो. रिटायर झालेले काका त्याला हाताने मासे भरवायचे. नुसते लाड! उद्यापासून बंद. तळ्यात जिवंत मासे सोडणार. महिनाभरात गडी तयार.

५ मार्च
मासे सोडले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मासे गेले खोल पाण्यात. वाचून काढलं: हे पक्षी थव्याने मासे उथळ पाण्यात घेरतात, मग चोचीखालच्या झोळीत उपसतात. म्हणजे फक्त टीम हवी. उद्या मी उतरतो.

६ मार्च
उतरलो. गुडघाभर म्हणता म्हणता छातीपर्यंत. दोन्ही हातांनी पाणी बडवलं. पेलिकन बाहेर निघून गेला. काठावरच्या एक बाई मुलीला म्हणाल्या, "बघ, मस्ती केली की असं पडायला होतं." खुलासा केला नाही.

७ मार्च
सर्दी. रजा.

१० मार्च
तळ्यात एकही मासा दिसत नाही. म्हणजे खाल्ले! साहेबांना प्रगतीचा रिपोर्ट दिला. बायकोला म्हटलं, वर्षभरात पिल्लंही होतील. ती म्हणाली, "एकट्याला?" हिचा स्वभावच निगेटिव्ह.

१४ मार्च
वजन घटलंय. चपळ होतोय. तरी डॉक्टरांना बोलावलं, केवळ फॉर्मॅलिटी म्हणून. म्हणाले, उपाशी आहे हा. मी म्हटलं, झोळीत साठवून सावकाश खात असेल. "अहो, ती झोळी म्हणजे जाळं आहे, जेवणाचा डबा नाही!" पाणी उपसायला लावलं. तळाशी सगळे मासे. माझ्यापेक्षा ठणठणीत.

१५ मार्च
काकांना फोन केला. लगेच आले. मासा पुढे धरून म्हणाले, "घे रे राजा." त्याने चोच उघडली नाही. डॉक्टर म्हणाले, रानात पंधरा-वीस वर्षं जगतात, याने तर तिशी ओलांडली, वय झालंय. ऐकून हायसं वाटलं. वयाला मी काय करणार? काका मासा पुढे धरून तसेच बसून राहिले.

१७ मार्च
सकाळी मान मागे वळवून, चोच पिसांत खुपसून बसला होता. इतका निवांत पहिल्यांदाच पाहिला. पहारेकऱ्याला, झाडणाऱ्या बाईंना, सगळ्यांना दटावलं: आवाज नको, डोळा लागलाय त्याचा. मीही चपला काढून उभा राहिलो. बराच वेळ.
मग काका आले. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. म्हणाले, "साहेब, आता बोललात तरी चालेल."